ढेपांसाठी जुळवलेली गाडी

गुळाची पेठ असलेल्या एका गावात, एकदा, दूरदेशी शिकलेली एक तरुणी परत आली. शर्यतीच्या मोटारींचे शास्त्र ती शिकली होती. रस्त्यावर चाक किती कलते ठेवावे, त्याचे तोंड कुठे असावे, स्प्रिंग किती दबावी, हे सगळे तिला मुखोद्गत होते. परतताना तिला वाटले होते की गावातली हौशी मंडळी नेमकेपणासाठी आसुसलेली असतील; आपण माप सांगू, ती धन्य होतील. प्रत्यक्षात तिला भेटली एक जुनी, बुटकी मोटार, जी खेकड्यासारखी तिरकी धावत होती, आणि त्या मोटारीभोवती चहाचे कप घेऊन उभी असलेली माणसे, जी कौतुकाने म्हणत होती, "खोड आहे तिची ती."

खोड! या एका शब्दाने तिच्या मस्तकात तिडीक गेली. बिघाडाला लाडाचे नाव दिले की तो दुरुस्त करावा लागत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखले.

मोटार एका गूळ-व्यापाऱ्याची होती. पन्नाशीचे, अंगाने भरलेले गृहस्थ. गावाबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर हौशी चालकांच्या शर्यती होत, त्यांत ते उतरत. काही वर्षांपूर्वी मोटारीचे ढुंगण एका दगडावर आपटले होते आणि तेव्हापासून मागची दोन्ही चाके किंचित उजवीकडे तोंड करून बसली होती. त्यामुळे मोटार डावीकडे ओढे आणि सरळ जायचे तर स्टिअरिंग सतत थोडे उजवीकडे धरावे लागे. व्यापारी ते धरत. वर्षानुवर्षे धरत आले होते.

मोटारीची देखभाल गावातले एक वृद्ध शिक्षक करत. तंत्रनिकेतनात त्यांनी आयुष्यभर शिकवले होते आणि तरुणपणी स्वतः मोटारींच्या शर्यतींतही भाग घेतला होता. घरामागच्या शेडमध्ये त्यांचा हा उद्योग चाले. आपल्या या विद्यार्थिनीला ओळंबा कसा धरावा हे पहिल्यांदा त्यांनीच शिकवले होते. "सरळ म्हणजे सरळ. त्यात मत नसतं," हे त्यांचे वर्गातले वाक्य तिने परदेशातही जपले होते. म्हणून तर शेडमध्ये ती तिरकी मोटार पाहून तिला अधिकच संताप आला.

"सर, ही गाडी तुमच्या हाताखाली आहे आणि अशी आहे?"

"पळते की," सर म्हणाले.

"पळते! रिक्षासुद्धा पळते, सर."

व्यापारी हसले. "तुम्हीच करा मग सरळ, इंजिनीअरताई. पण रविवारच्या शर्यतीआधी. मागल्या दोन्ही वेळी मी ट्रॅक सोडून बांधावर गेलोय. घरचं फर्मान तुम्हाला माहीत नाही."

फर्मान लगेचच कळले. व्यापाऱ्यांच्या पत्नी डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "यात लपवण्यासारखं काय आहे? रविवारी परत बांधावर गेले तर गाडी भंगारात आणि हे दुकानात. भंगारवाल्याला सांगूनसुद्धा ठेवलंय मी."

व्यापारी डबा घ्यायला पुढे झाले. त्या गेल्यावर मात्र हळूच म्हणाले, "ताई, आठवडाभर मी सगळ्यांचं ऐकतो. शेतकऱ्याचं, अडत्याचं, हमालाचं, घरचं. एवढ्या त्या चार फेऱ्यांत मला कुणी काही सांगत नाही. तेवढं राहू द्या माझं."

तिने शब्द दिला.

आणि मग सुरू झाली तिची परीक्षा. शेडची फरशी पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतरती केलेली होती. तिने चाकांखाली पट्ट्या देऊन ती समतल केली. मोटारीच्या दोन्ही अंगांना दोऱ्या ताणल्या. कोणीतरी त्यांतल्या एकीवर टॉवेल वाळत घातला. पुढच्या चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरश्या, त्यांच्यामध्ये ग्रीस घालून, ठेवल्या, म्हणजे स्टिअरिंग फिरवताना चाके मोकळी वळावीत. त्या ग्रीसवर पाय देऊन सगळे जण शेडभर ठसे उमटवत हिंडले. प्रत्येक जण वाकून दोरी बघे आणि "बरोबर वाटतेय" असे म्हणे. वाटतेय! माप घेण्याच्या ठिकाणी हे क्रियापद उच्चारायलाच बंदी असावी, असे तिला झाले.

सगळ्यांत मोठी अडचण होती ती खुद्द व्यापाऱ्यांची. चालक आसनावर बसलेला असतानाच जुळणी करायची, हे तिला पक्के ठाऊक होते. माणसाच्या वजनाने मोटार दबते, चाकांचा कल बदलतो. पण व्यापारी बसतील तर ना! लिलाव लांबला, पाहुणे आले, चहा आला. बसलेच तर हलत, मागे वळून गप्पा मारत, खिशातून फोन काढत. शेवटी ती वैतागून म्हणाली, "तुमचं वजन सांगा, तेवढं काहीतरी ठेवते मी सीटवर."

"मग गूळच ठेवा की," व्यापारी आनंदाने म्हणाले, आणि दुकानातून तेवढ्या वजनाच्या ढेपा पाठवून दिल्या.

ढेपा आसनावर ठेवल्यावर प्रथमच तिचे काम सुखाने झाले. ढेपा चहा मागत नाहीत. ढेपा वेळेवर येतात. मुंग्या आल्या, पण मुंग्यांशी तिचे भांडण नव्हते. मागच्या ॲक्सलच्या बैठकीत एका बाजूला तिने पातळ पत्र्याच्या चार चकत्या बसवल्या, आणि मागची चाके दोरीला समांतर झाली. ओळंबा शांत लोंबत होता. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती मोटार सरळ उभी होती. सरांनी वाकून दोरी पाहिली, मान डोलावली आणि ते म्हणाले, "गाडी निर्दोष आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आले.

शुक्रवारी दुपारी सरावाला मोटार ट्रॅकवर उतरली. पहिल्याच उजव्या वळणावर ती वळणाच्या आतल्या बांधावर चढली. व्यापाऱ्यांनी ती खाली घेतली, पुन्हा निघाले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते इतक्या सावकाश आले, की बाजूच्या रस्त्याने जाणारा ट्रॅक्टर पुढे गेला.

"ताई, गाडी लई सरळ झालीय हो," उतरून कपाळ पुसत ते म्हणाले. "इतकी सरळ, की माझं ऐकंनाच."

"गाडी ऐकतेच आहे! तुम्ही जिकडे फिरवाल तिकडेच जातेय!" ती ओरडली. "आधी ऐकत नव्हती ती!"

"असेल. पण तिचं न ऐकणं माझ्या ओळखीचं होतं."

आजूबाजूचे लोक हसले. कोणीतरी म्हणाले, "खोड काढली, आता जोडीदार परका झाला." तिला वाटले, इथल्या इथे मापपट्टी मोडावी. शास्त्र बरोबर होते, माप बरोबर होते, आणि मोटार बांधावर होती. व्यापारी मात्र हसत नव्हते. ते शेजारच्या रस्त्याकडे पाहत होते. भंगारवाल्याचा टेम्पो नेमका त्याच रस्त्याने जात असे.

शेडमध्ये परतल्यावर सरांनी एक विचित्र गोष्ट केली. मोटार पुन्हा त्या ग्रीस लावलेल्या फरश्यांवर चढवायला लावली. दोऱ्या ताणल्या. आसनावरच्या ढेपा स्वतः उचलून खाली ठेवल्या आणि व्यापाऱ्यांना म्हणाले, "बसा शेठ. आता डोळे मिटा आणि गाडी सरळ धरा."

"उभ्या गाडीत?"

"उभ्या गाडीत. समोर मोकळा रस्ता आहे असं समजा. घट्ट नको, रोजच्यासारखी धरा."

व्यापाऱ्यांनी डोळे मिटले. स्टिअरिंग हातांत घेतले. हात थोडे सैलावले, जागेवर बसले, आणि मग, कोणी काही न सांगता, अलगद उजवीकडे सरकून थांबले. फरश्यांवरची पुढची चाके तेवढीच उजवीकडे वळली. सर वाकले आणि दोरी व चाक यांमधले अंतर त्यांनी शांतपणे मोजले.

मग ते मोटारीखाली शिरले. तरुणी पाहतच राहिली. त्यांनी बोल्ट सैल केले, तिने बसवलेल्या चार चकत्यांपैकी दोन काढल्या, बोल्ट आवळले आणि चकत्या शर्टाच्या खिशात टाकल्या.

"सर!" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही गाडी वाकडी केलीत!"

"अर्धी."

"सरळ म्हणजे सरळ, त्यात मत नसतं! हे कोणी शिकवलं मला?"

"मीच," सर धूळ झटकत म्हणाले. "गाडीच्या बाबतीत अजूनही नसतं. पण तू गाडी कोणासाठी जुळवलीस, ते बघ. ढेपांसाठी. ढेपांना हात नसतात, बाळ, म्हणून त्यांना सवयही नसते. या माणसाचे हात इतकी वर्षं वाकड्या गाडीला सरळ ठेवत आले. त्या हातांत आता गाडीच्या वाकडेपणाएवढाच उलटा वाकडेपणा आहे. तू एक बाजू एका दुपारीत काढून टाकलीस. दुसरी बाजू तशीच राहिली, आणि तिनं गाडी बांधावर नेली. पत्रा एका दुपारीत सरळ होतो. हात होत नाहीत. आज गाडीचा अर्धा वाकडेपणा काढलाय, तेवढं त्याचे हात सांभाळतील. ते सरळ झाले, की उरलेला काढू."

व्यापारी अजूनही डोळे मिटून बसले होते. "उघडू का?" त्यांनी विचारले. मग त्यांनी आपले आपणच उघडले, आणि स्टिअरिंगकडे पाहून चकित होऊन म्हणाले, "अरेच्चा! हे मी धरलंय?"

तरुणीला ते पटत होते, आणि पटत होते म्हणूनच तिचा संताप अनावर झाला. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग इतकी वर्षं तुम्ही एक चकती तरी का नाही घातलीत? एक! त्यांचे हात तुम्हाला दिसत होते ना? हळूहळू, हळूहळू म्हणत इथे कधीच काही होत नाही, सर. अर्धं सरळ करायचं आणि मग त्या अर्ध्यालाच खोड म्हणायचं. मला हेच सहन होत नाही!"

सरांनी खिशातल्या दोन चकत्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "तू फक्त गाडी पाहिलीस. मी फक्त हात पाहिले, आणि त्यांची दया येऊन गाडी तशीच ठेवली. तुझ्या चुकीनं गाडी आज बांधावर गेली. माझ्या चुकीनं ती इतकी वर्षं तिरकी पळाली. कुठली चूक मोठी, ते मला ठरवता येत नाही. या चकत्या तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिल्या तर खिशातच राहतील."

ती चकत्या घेऊन घरी गेली. परत जाण्याचा विचार तिच्या मनात आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. जिथे दोरीवर टॉवेल वाळत घालत नाहीत, जिथे चालक वेळेवर येऊन निमूट बसतो, अशी ठिकाणे तिला माहीत होती. तिथे तिचे शास्त्र शोभून दिसले असते. पण तिथे तिची गरजही नव्हती. तिथल्या मोटारी आधीच सरळ होत्या, आणि हातही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये पोहोचली तेव्हा सर ओसरीत बसून चहा पीत होते आणि व्यापारी, आश्चर्य म्हणजे, वेळेवर आले होते. रविवारच्या आधीचा हा शेवटचा सराव होता. त्यांच्या पत्नीही आल्या होत्या, आणि डबा न आणता आल्या होत्या, यावरून त्या निकाल लावायलाच आल्या आहेत हे समजत होते.

"काय ठरलं, ताई?" व्यापाऱ्यांनी विचारले. "पूर्ण सरळ की अर्धी?"

तिने आसनाखाली राहिलेली एक ढेप उचलून बाहेर ठेवली. मग त्या दोन चकत्या एका तारेत ओवल्या आणि ती तार समोरच्या आरशाला, व्यापाऱ्यांच्या नजरेसमोर टांगली.

"आज अर्धी," ती म्हणाली. "उद्याही अर्धी. पण ही तार इथेच राहील. गाडी उजवीकडे जास्त वळतेय असं वाटणं ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी एक चकती तुम्ही स्वतः माझ्या हातात द्यायची. मग दुसरी. आणि दर आठवड्याला डोळे मिटून बसायचं, मी माप घेणार. लिलाव असो की पाहुणे असोत."

"आणि नाही दिली तर?"

"तर भंगारवाल्याचा नंबर वहिनींकडे आहेच."

वहिनी पहिल्यांदाच हसल्या.

तरुणीने मोटारीला वळसा घातला. डावीकडचे आसन सराव-शर्यतींत नेहमी रिकामे असे. तिथे तिची मापपट्टी आणि ग्रीसचा डबा पडला होता. तिने ते दोन्ही काढून सरांच्या हातात दिले, दार उघडले आणि ती स्वतः तिथे बसून पट्टा आवळू लागली.

"अहो, तुम्ही कुठं?" व्यापारी दचकले. "बांधावर गेली तर?"

"तर दोघं जाऊ," ती म्हणाली. "तुमचे हात मला इथूनच दिसतील. चला शेठ."