तेरड्याला वाढलं मूठभर मीठ

एक होता तेरडा. गॅलरीतल्या कुंडीत राहायचा. त्याला एकुलतं एक गुलाबी फूल.

एक होती थेंबुली. इतकीशी! पाण्याचा थेंब तो, असून असून किती असणार?

थेंबुलीचं घर तेरड्याच्या मुळात. तिथे खोल्याच खोल्या. एकेक खोली म्हणजे एकेक पेशी. खोलीला बाहेरून भिंत. भिंतीच्या आतून पातळ पातळ पडदा. इकडे तिकडे इवल्या इवल्या चुली. मध्ये एक मोठ्ठी पाण्याची पिशवी. आणि पिशवीला टेकून बसलेले केंद्रक आजोबा. सगळा कारभार त्यांचाच.

पिशवी टम्म, तर खोली टम्म. खोली टम्म, तर तेरडा ताठ.

थेंबुली राहायची पिशवीत. पण तिला सारखं वाटायचं, किती ही गर्दी!

आणि एक होती तनू. तनू भातुकली खेळत होती. तेरडा झाला पाहुणा. पाहुण्याला काय वाढायचं? आधी मीठ! आई रोज तसंच वाढते. पानात डावीकडे, आधी मीठ.

तनूने ताटलीत मीठ वाढलं. चिमूटभर.

"घ्या ना तेरडेभाऊ. लाजू नका! अजून घ्या!"

बरणीत उरलेलं सगळं, मूठभर वाढलं, थेट कुंडीत. वर घातलं पेलाभर पाणी. पाहुणा बिचारा काय बोलणार? त्याला तोंड कुठे होतं!

मीठ गेलं खाली. झिर झिर झिर. मुळाशी जाऊन बसलं. आणि लागलं बोलवायला.

"ये गं थेंबुली, ये ये ये!"

"जाऊ नकोस गं," आजोबा म्हणाले.

पण थेंबुली गेली. पडद्यातून सुळ्ळकन बाहेर! तिच्यामागून दुसरा थेंब. त्याच्यामागून तिसरा. सुळ्ळ, सुळ्ळ, सुळ्ळ!

पिशवी झाली चिपाड. पडदा सुटला भिंतीपासून. खोली पडली लुळी. आणि वर तेरड्याने टाकली मान.

थेंबुलीने पाहिलं. तिला फार फार वाईट वाटलं.

"मी का गेले? आजोबा नको म्हणत होते. मी का गेले?"

ती पडद्याकडे आली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

"खोली भरेना, तेरडा उठेना. पडदेदादा, पडदेदादा, आत घेता का?"

पडदा म्हणाला, "मी कुठे अडवतोय? मीठच तुला ओढतंय. मीठ हलल्याशिवाय मी आत घेत नाही."

थेंबुली गेली मिठाकडे. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

"पडदा घेईना, खोली भरेना, तेरडा उठेना. मीठदादा, मीठदादा, हलता का?"

मीठ म्हणालं, "मला कुठे पाय आहेत? झारी वाकल्याशिवाय मी हलत नाही."

थेंबुली कुंडीच्या भोकातून बाहेर पडली. टपकन! झारीकडे गेली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

"मीठ हलेना, पडदा घेईना, खोली भरेना, तेरडा उठेना. झारीताई, झारीताई, वाकतेस का?"

झारी म्हणाली, "मी आपली आपण कशी वाकू? तनू आल्याशिवाय मी वाकत नाही."

तनू कुठे होती? दारामागे. आईने उघडली होती मिठाची बरणी. बरणी रिकामी! आई ओरडली होती. खूप जोरात. तेव्हापासून तनू दारामागे.

थेंबुली गेली दारामागे. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

"झारी वाकेना, मीठ हलेना, पडदा घेईना, खोली भरेना, तेरडा उठेना. तनूताई, तनूताई, येतेस का?"

तनूने नाक ओढलं. सुर्रर्र! डोळे लालेलाल.

"आई ओरडते. आईने हाक मारल्याशिवाय मी येत नाही."

थेंबुली गेली स्वयंपाकघरात. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. ओट्यावर चढता चढता पुरेवाट झाली.

"तनू येईना, झारी वाकेना, मीठ हलेना, पडदा घेईना, खोली भरेना, तेरडा उठेना. आई, आई, हाक मारता का?"

आईचा चेहरा फुगलेला. आमटी उकळतेय, रटरट रटरट. आणि घरात मीठ नाही.

"कुंडीत मीठ? भलतंच काय! चाखून पाहिल्याशिवाय मी हाक मारत नाही."

झालं! आता पुढे जायचं कुणाकडे? पुढे कुणीच नव्हतं.

आई आमटी कशी चाखते, ठाऊक आहे ना? तळहातावर थेंब घ्यायचा. चट्कन जिभेला लावायचा. की थेंब गेला पोटात!

थेंबुलीने विचार केला. चाखलं तर खोली परत दिसायची नाही. आजोबा दिसायचे नाहीत. पण घरून आधी निघालं कोण? तीच ना?

"चाखा मला," थेंबुली म्हणाली. तिने डोळे मिटले.

आईने तिला तळहातावर घेतलं. जिभेला लावलं. चट्!

"अगं बाई! खारट!"

आई धावली गॅलरीत. तेरडा पडलेला आडवा. कुंडीपुढे भातुकलीची ताटली. ताटलीत डावीकडे मीठ.

आई कुंडीपाशी बसली.

"आधी मीठ वाढायचं, हे मीच शिकवलं. लाजू नका म्हणायचं, हेही मीच शिकवलं. आणि मीच ओरडले! उगाच ओरडले गं माझ्या बाळाला."

मग आईने हाक मारली. हळूच. "तनू, बाळा, ये. चुकलं माझं."

तनू आली दारामागून. आईच्या कुशीत शिरून खूप रडली. मग उठली. झारी उचलली.

आणि थेंबुली? ती होती आईच्या तळहातावर. अर्धीच उरलेली. आईने झारी भरली, तिच्यावरच हात धुतला, आणि थेंबुली पडली झारीत. टुपुक!

आईने हाक मारली, तनू आली.
तनू आली, झारी वाकली.
झारी वाकली, मीठ हललं.
धो धो धो, भोकातून गेलं!
मीठ गेलं, पडद्याने घेतलं.
पडद्याने घेतलं, खोली भरली.
खोली भरली, तेरडा उठला. हळू हळू हळू. संध्याकाळी उठला एकदाचा!

पण सगळे थेंब परत आले नाहीत. कितीतरी मिठाबरोबर वाहून गेले. आणि गुलाबी फूल गळून पडलं.

तनूने फूल उचललं. देठाला लावून पाहिलं. पुन्हा लावून पाहिलं. फूल काही राहिना.

"आई, लाव ना गं."

"नाही गं लागत बाळा," आई म्हणाली.

खाली खोलीत आजोबा जागेच होते. पिशवीत नवे थेंब, नवे चेहरे. मधली एक इवलीशी जागा त्यांनी रिकामी ठेवली होती.

"आलीस?" आजोबा म्हणाले. "अर्धीच का गं?"

"अर्धी आईच्या जिभेवर राहिली, आजोबा."

आजोबा जरा सरकले. थेंबुली त्यांना बिलगून बसली. किती ही गर्दी! पण आज तिला गर्दी बरी वाटली.

दुसऱ्या दिवशी तनूने पुन्हा भातुकली मांडली. पाहुणा तोच. मीठ मात्र नाही वाढलं. नुसतं पाणी वाढलं. थोडंसं. आणि वाकून विचारलं, "तेरडेभाऊ, पुरे?"

भरली पिशवी काठोकाठ,
सुटली गोष्टीची इथे गाठ.