झाडाचा फेरा

ही शिवण बघा, पाव्हणे. तिकडे राईतल्या शिवणींच्या खोडाचा पीळ उजवा, हिचा एकटीचा डावा. हात लावा, पण नख मारू नका. म्हणाल, म्हातारा थापा मारतोय. मारतो तर मारतो, तुम्ही बसा.

हा शेजारचा आमचा पायचरक, लाकूड कातायचा. पाय दाबला की दोरी ओढली जाते, लाकूड आपल्याकडे फिरतं. पाय उचलला की वरचा बांबू दोरी मागे खेचतो, लाकूड उलटं फिरतं. तेव्हा पटाशी उचलायची. सुलटा फेरा काताऱ्याचा, उलटा झाडाचा. ओल जाईपर्यंत झाड लाकूड सोडत नाही, असं सांगतात.

इथल्या रवळू काताऱ्याची दोन मुलं बारशाआधीच गेली. तिसऱ्या खेपेला त्याने राईच्या देवाला, राखणदाराला नवस केला, मूल बाराव्या दिवशी तुझ्या राईतल्या शिवणीच्या पाळण्यात घालीन. जन्माआधी पाळणा करत नाहीत, म्हणून मुलगी झाल्यावरच झाड तोडलं. ओंडका ओलाकच्च. त्यात त्याच्या बायकोला, आवडीला, ताप चढला आणि तो तिच्या उशाशी अडकला. बारशाच्या सकाळी पाळण्याच्या दांड्या निम्म्यासुद्धा झाल्या नव्हत्या. मग त्याने उलट्या फेऱ्यालाही पटाशी लावली. लाकडातून ऊन-ऊन पाणी आलं म्हणे. ते पुसून तो कातत राहिला.

दुपारी बारसं लागलं. तापातून उठलेल्या आवडीने दोरी ओढून झोका दिला. पाळणा पलीकडे गेला तो परत येईना. तिरपा, अधांतरी थांबला. चार बाप्ये लोंबकळले, तरी हलेना. आवडी पोर उचलायला गेली, तर पोरही उचलवेना. पोरीचे डोळे उघडे, आवाज नाही, अंग गार पडत चाललेलं.

रवळू काय ते समजला.

"झाडाचे फेरे मी खाल्ले, ते फेडतो," एवढंच बोलून तो चरकापाशी गेला. पटाशी फेकली आणि नुसताच पाय मारत राहिला. कोणी हाक मारली तरी मान वर करीना.

दिवेलागणीला पाळणा एकदम परत आला आणि पोरीने टाहो फोडला. आवडी अंगणात धावली. "अहो, आला पाळणा. थांबा आता."

चरकापाशी कोणी नव्हतं. पायाखालची फळी तेवढी वर-खाली होत होती.

पावसाळ्यात त्याच जागी ही शिवण उगवली. पोर जगली. आम्ही तिच्याच वंशातले.

आजही काम संपलं की दिवेलागणीला आम्ही चरक थोडा वेळ मोकळा चालवतो. चरकावर जुना, खडखडीत सुका दांडा असतो, पटाशी खुंटीला, म्हणजे कीस पडायलाच नको. काल संध्याकाळीही चालवला. आता वाका, आणि खाली पडलाय तो कीस हातात घ्या. ओला आहे ना?