गंजलेला राजा आणि तीन दिवे

एका राज्यात कोणी काही टाकून देत नसे. मोडका नांगर, वाकलेली पहार, किल्ली हरवलेले कुलूप, कुलूप हरवलेली किल्ली, सारे काही राजवाड्याच्या तळघरात जाई. तळघर भरले तेव्हा कोठारे भरू लागली, कोठारे भरली तेव्हा सज्जे. "असू दे, लागेल कधीतरी," हे त्या राजघराण्याचे ब्रीद होते. ते राजमुद्रेवर कोरलेले होते, आणि ती राजमुद्रा तीन पिढ्यांपूर्वी त्याच लोखंडाच्या ढिगात कुठेतरी पडली होती.

त्या राज्यावर राजा स्थिरवर्मा राज्य करीत होता. एके दिवशी त्याच्या दारी कोळसाजोगी आला. हा मांत्रिक दूर डोंगरात भट्टी लावून बसे आणि वाऱ्याच्या कड्या, नदीचे लगाम असल्या वस्तू घडवी. त्याच्या सांडशीचा एक पाय तुटला होता.

"महाराज, हातभर लोखंड द्या," जोगी म्हणाला.

राजाने ढिगाकडे पाहिले. ढीग आढ्याला टेकला होता.

"असू दे," राजा म्हणाला. "लागेल कधीतरी."

जोगी रागावला. मांत्रिक रागावला की शाप देतो, तसा त्यानेही दिला. "राजा, हे लोखंड जसं पडून गंजेल, तसा तूही बसून गंजशील. तुझ्या महालात दिवा टिकणार नाही. बारा वर्षांनी, आजच्याच तिथीला दिवेलागणीच्या वेळी गंज तुझ्या काळजाला लागेल आणि तू या ढिगातला आणखी एक नग होशील."

एवढे बोलून तो धूर होऊन निघून गेला.

लगेच वडीलधाऱ्यांची सभा भरली. प्रधान यशोधर फार विचार करून म्हणाला, "ज्या अर्थी लोखंडावर शाप आहे, त्या अर्थी ते मौल्यवान आहे." सर्वांनी माना डोलावल्या आणि लोखंडावर दोनशे पहारेकरी बसवले.

बारा वर्षे सरत आली. महालात वात पेटवली की विझे. दिवस मावळला की सारे चाचपडत चालत. प्रधान यशोधराने एकदा अर्धा प्रहर एका खांबाशी मसलत केली, आणि इतका समंजस सरदार आपल्या पाहण्यात नाही असे दुसऱ्या दिवशी राजाला सांगितले. राजाचे गुडघे बिजागरीसारखे करकरत. मिशीवरून हात फिरवला की तांबडी भुकटी पडे. त्याच्या मागून दोन दासी केरसुणी घेऊन चालत.

राजाला एकच कन्या होती, मेखला. शाप पडला तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून ती रोज विचारी, "या लोखंडाचं काहीतरी करू या ना?" आणि रोज तिला उत्तर मिळे, "तू लहान आहेस."

"मी सहा वर्षांची होते तेव्हा तुम्ही हे बोललात, ते ठीक होतं," अठराव्या वर्षी मेखला म्हणाली. "आता माझं वय वाढलंय. तुमचं उत्तर तेवढंच राहिलंय."

"पाहिलंत?" प्रधान म्हणाला. "बोलणंही लहान मुलासारखंच आहे."

शापाची मुदत संपायला पंधरवडा उरला होता. त्या सकाळी मेखला राजाच्या पाया पडली. आशीर्वाद द्यायला राजाने हात उचलला, आणि तो हात तिच्या मस्तकावर वीतभर अंतरावर अडकला. वर जाईना, खाली येईना. चार सेवकांनी लोंबकळून तो खाली आणला. राजा हसला, "असू दे." पण त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते पाणी तांबडे होते.

मेखलेने त्याच पावली घोडा मागवला.

वेशीबाहेरच्या वडावर एक तांबट पक्षी बसला होता. तो ठोका दिल्यासारखा टुक टुक बोलत होता. घोडा दिसताच तो माणसासारखे बोलू लागला.

"राजकन्ये, कोळसाजोग्याकडे निघालीस ना? मी त्याच्याकडे उमेदवारी केलेली आहे. वाट मला ठाऊक."

"मग सोडून का आलास?"

"तो लोखंडाचं काम करतो. आम्ही तांब्याची माणसं."

"तू पक्षी आहेस."

"घराणं तांब्याचंच," तांबट म्हणाला आणि घोड्याच्या कानांमध्ये येऊन बसला.

त्यांनी तीन डोंगर ओलांडले. पहिल्या डोंगरावर दगड चरत होते, दुसऱ्यावर पाऊस खालून वर पडत होता, तिसऱ्यावर काहीच नव्हते, म्हणून तो ओलांडायला सर्वांत जास्त वेळ लागला. पलीकडे भट्टी धगधगत होती. जोगी लालबुंद लोखंड हातानेच धरून ठोकत होता आणि दर ठोक्याला "हाय हाय" करीत होता.

"जोगीबुवा, शाप मागे घ्या," मेखला म्हणाली.

"शाप माझा, पण गंज तुमचा. तो मी कसा काढू?" जोग्याने बोटांवर फुंकर घातली. "उपाय सांगतो. वाड्यातल्या तीन माणसांनी आपलं जिवापाड जपलेलं लोखंड तुला द्यावं. आपल्या तोंडाने 'घे' म्हणावं. त्याचे तीन दिवे घडव. एक देवडीत टांग, एक भोजनघरात, एक दरबारात. तिसरं लोखंड खुद्द राजाचं हवं. हिसकावून घेतलेलं चालणार नाही. फसवून घेतलेलंही नाही."

"आणि नुसता त्रास दिला तर?"

जोगी विचारात पडला. "त्रास चालेल," तो म्हणाला.

मग त्याने तिला एका भोपळ्यात तीन पळ्या तेल दिले. शापित महालात तेवढेच तेल जळणार होते. दिव्यामागे एक पळी, थेंबभर जास्त नाही.

मेखला परतली तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते. ती थेट प्रधानाकडे गेली. प्रधानाच्या पणजोबांच्या रथाच्या चाकाची लोखंडी धाव ढिगात होती. माणूस आडवा निजेल एवढे मोठे कडे होते ते.

"प्रधानजी, ती धाव मला द्या."

"पणजोबांची आठवण आहे ती!"

"कधी पाहिली होतीत?"

"आठवण पाहायची नसते, राजकन्ये. ठेवायची असते."

"बरं," मेखला म्हणाली, आणि तिने हुकूम काढला: ज्याची आठवण त्याच्या उशाशी. पहारेकऱ्यांनी प्रधानाच्या नावाचे सारे लोखंड त्याच्या शयनगृहात नेऊन रचले. रथाची धाव पलंगावर, सतरा नांगर दाराशी, काकांचा गळलेला बंब खिडकीत. पहिल्या दिवशी प्रधान म्हणाला, "घर कसं भरल्यासारखं वाटतं." दुसऱ्या दिवशी तो लंगडत दरबारात आला. तिसऱ्या पहाटे त्याच्या दालनातून आधी धडाड्, मग "आई गं!", आणि मग स्पष्ट शब्दांत, "घे! घेऊन जा बाई! पणजोबांना सांगतो मी!" असा आवाज आला.

राजवाड्यात एक लोहार होता. बारा वर्षे लोखंड न मिळाल्याने तो चटया विणत असे. धाव पाहताच त्याने विणती चटई फेकली. तांबट टुक टुक ठोका देऊ लागला, त्या ठोक्यावर लोहाराचा घण आणि मेखलेची हातोडी पडू लागली. धावेला चार बाजूंनी साखळ्या लावल्या, कडेने नालांचे एकवीस कंस बसवले, प्रत्येकात एक पणती ठेवली. देवडीत ते झुंबर चढवले, एक पळी तेल एकवीस पणत्यांत वाटले आणि वात लावली.

दिवा विझला नाही.

बारा वर्षांनी उजेडात आलेली देवडी सर्वांनी डोळे भरून पाहिली. तिचा रंग हिरवा आहे, हे कोणाला आठवतच नव्हते. प्रधानाने आपल्या समंजस सरदाराला ओळखले आणि तो मुकाट्याने खांबाच्या दुसऱ्या बाजूने निघून गेला.

मेखला धावत राजाकडे गेली. राजाचे पाय मोकळे झाले होते. पण गंज कमरेपर्यंत चढला होता.

"हे काय?" तिने तांबटाला विचारले.

"घरातल्या पसाऱ्यासारखंच," तांबट म्हणाला. "एका खोलीतून काढला की दुसऱ्या खोलीत जातो."

दुसरे लोखंड होते कनकाआत्यांचे. या राजाच्या थोरल्या भगिनी. त्यांच्या लग्नात पाचशे पानांची बासुंदी ज्या कढईत आटली, ती कढई त्यांनी जपून ठेवली होती. तिच्या बुडाला नारळाएवढे भोक होते. मेखलेने ती त्यांच्या उशाशी पाठवली. कनकाआत्यांनी ती पुसून पलंगाखाली सरकवली आणि आणखी दोन मागवल्या.

मग मेखला दिवसाउजेडी त्यांच्या दालनात गेली. कढई बाहेर ओढून तिने खिडकीत उभी धरली. भोकातून ऊन आत आले आणि समोरच्या भिंतीवर सोन्याचा एक गोळा पडला.

"पाहा, आत्याबाई."

"एवढंच? वाटोळं तर मांजरही काढेल." कनकाआत्यांनी नाक मुरडले. राज्यात त्यांच्यासारखी रांगोळी कोणाची नव्हती. "त्याच्या भोवती ठिपके हवेत. पंधरा ते आठ. कडेने वेल, मधे मधे मोर."

"लोखंडात मोर कसा येईल, आत्याबाई? तुम्हाला नाही जमायचं ते."

"मला नाही जमायचं? खडू आण!"

कढईच्या पोटावर त्यांनी भराभर ठिपके मांडले, रेघा जोडल्या, मोरांना पिसारे फुलवले. मग कढई मेखलेच्या अंगावर ढकलली. "हे घे, आणि ठिपका आहे तिथेच भोक पाड. तुझी आई पाडायची तशी तिरकी नकोत!"

"म्हणाल्या!" खिडकीत तांबट ओरडला.

"काय म्हणाले मी?"

"जे म्हणायचं तेच," मेखला म्हणाली आणि कढई घेऊन पळाली.

सायंकाळी भोजनघरात ती कढई उलटी टांगली, आत दुसरी पळी पेटली, आणि चारही भिंतींवर उजेडाचे मोर नाचू लागले. पंगतीच्या ताटात वेली उतरल्या. कनकाआत्या मात्र जेवल्याच नाहीत. सबंध वेळ त्या येणाऱ्याजाणाऱ्याला भिंत दाखवत होत्या, "तो तिसरा मोर पाहिलास? त्याची मान नीट बघ."

राजाची कंबर सुटली, हात सुटले. पण गंज छातीला भिडला आणि हनुवटीवर तांबूस कड उमटली.

आता एकच दिवस उरला होता. राजापाशी स्वतःचे म्हणून जपलेले एकच लोखंड होते: झोपाळ्याच्या चार कड्या. राणी त्या झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत असे. राणी गेली, मागाहून झोपाळ्याची फळीही कुजली. कड्या राजाने पितांबरात गुंडाळून सिंहासनाखाली ठेवल्या होत्या.

मेखला सबंध दिवस त्याच्यापुढे बसली. येथे त्रास द्यायला तिचे मन होईना, आणि चिडवायलाही.

"बाबा, त्या कड्या द्या."

"त्या कशाला पोरी? तेवढं असू दे."

"लागतील कधीतरी, हो ना? कधी?"

राजाने खाली हात घालून पितांबराची गाठ चाचपली.

"बाबा, आईला अंधारात बसायला आवडायचं का?"

ऊन भिंतीवरून सरकत गेले. दिवेलागणीची वेळ झाली. राजाने वाकून पितांबराची गाठ सोडली, कड्या दोन्ही हातांनी उचलल्या, मेखलेपुढे धरल्या आणि बोलायला तोंड उघडले. करकर झाली. जबडा अर्ध्यात अडकला.

"घ..." राजा म्हणाला. "घ... घ..."

"'घे' म्हणायला हवं," तांबट कळवळून म्हणाला. "नुसता 'घ' चालणार नाही."

राजाची छाती लोखंडासारखी वाजू लागली. मेखलेने भोपळा उचलला. त्यात शेवटची पळी होती.

"ते जबड्यात ओतलंस तर दिवा कशाने लावशील?" तांबट ओरडला.

मेखलेचा हात हवेत थांबला. दिवा नाही तर राजा नाही, आणि शब्द नाही तर दिवा नाही.

"सरका," मागून आवाज आला. कनकाआत्या गर्दी बाजूला सारत पुढे आल्या. त्यांनी कनवटीची एक बारीकशी कुपी काढली. "माझ्या लग्नात आंघोळीला आणलेलं तेल. थोडं उरलं होतं." त्यांनी मेखलेकडे रोखून पाहिले. "असू दे म्हटलं, लागेल कधीतरी."

बूच निघाले. चाळीस वर्षांच्या त्या तेलाच्या वासाने तीन सरदार जागीच आडवे झाले. कनकाआत्यांनी राजाच्या जबड्यात डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन थेंब सोडले आणि त्याच्या गालावर एक चापट दिली.

"बोल आता, स्थिरा!"

"घे," राजा म्हणाला. "घे, बाळ."

लोहाराने कड्या दरबाराच्या आढ्याला अडकवल्या, त्यांत लोखंडी परात टांगली, मेखलेने तिसरी पळी ओतून वात लावली. कड्या हलल्या, दिवा झुलू लागला, आणि झोपाळ्यावर कोणीतरी बसल्यासारखी उजेडाची ये-जा सिंहासनावरून होऊ लागली. राजाच्या अंगावरचा गंज एकदम झडला. त्याने हात उचलला, आणि या खेपेस तो न अडकता मेखलेच्या मस्तकावर टेकला.

"आत्याबाई," थोड्या वेळाने मेखला म्हणाली, "कुपीबद्दल मी काही बोलणार नाही."

"बोलूच नकोस," कनकाआत्या म्हणाल्या. पण पुढचे बारा दिवस त्या स्वतः बोलत होत्या.

बारा दिवसांत ढीग संपला. नालांच्या खुंट्या झाल्या, नांगरांचे फाळ वळून जिन्याचे कठडे झाले, कुलपे ओवून दाराला तोरण झाले. पहारेकऱ्यांच्या हाती भाल्यांऐवजी तेलाच्या पळ्या आल्या. तांबट वेशीवरच्या दिव्याला जागा सोडून बसू लागला, कारण तो दिवा लोखंडाचा होता.

तेराव्या दिवशी कोळसाजोगी दारी आला. त्याच्या दहाही बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

"महाराज, हातभर लोखंड द्या."

राजा आनंदाने उठला. "द्या रे त्यांना! हवं तेवढं द्या!"

सेवक तळघरात धावले. तळघर झाडून लख्ख केलेले होते. कोठारे रिकामी, सज्जे रिकामे. सगळ्या राज्यात दिव्याला, कठड्याला किंवा खुंटीला न लागलेला एक खिळाही उरला नव्हता. जोग्याच्या नाकपुड्या फुगू लागल्या, पायांशी धूर दिसू लागला. प्रधान यशोधर हळूच खांबामागे गेला.

तेवढ्यात मेखला पुढे झाली. तिचे कान लाल झाले होते. तिने शेल्यातून एक तुकडा काढला. वेलीच्या टोकासारखा वळलेला, बरोबर हातभर लांब.

"ढीग काढताना सापडला," ती पुटपुटली. "फार सुरेख होता. म्हणून म्हटलं..."

"काय म्हटलं?" कनकाआत्यांनी मोठ्याने विचारले.

सगळा दरबार कान टवकारून बसला. मेखलेने आत्याकडे पाहिले, दिव्याकडे पाहिले, आणि तुकडा जोग्याच्या हातावर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली.