गेनबाच्या हलगीवरचा लांबलचक शब्द

चिंचोलीच्या शाळेत तपासणीला आलेल्या दिघेसाहेबांनी वत्सलेला ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ म्हणायला लावलं. पोरीनं सगळा जोर सुरुवातीलाच लावला आणि पुढं ती अडखळली. साहेब म्हणाले, “तालुक्याच्या इंग्रजी भाषणस्पर्धेतून हिचं नाव खोडा.”

वत्सलेचे डोळे भरून आले. लेझमीच्या तासाला हलगी वाजवणारा गेनबा सावकाश पुढं आला. “साहेब, तेवढा शब्द आपण एकदा म्हणता का?”

साहेबांनी तो ऐटीत म्हणून दाखवला. गेनबानं डोळे मिटून ऐकलं आणि हलगीवर सहा ठोके वाजवले. तीन हलके, चौथा दणदणीत, मग पुन्हा दोन हलके. “वत्से, लेझीम घे. चौथ्याला खळ्ळकन वाजव आणि तसंच बोल.”

लेझीम खळाळली आणि शब्द अलगद बाहेर पडला.

साहेब चिडले. “अरे, तुला एबीसीडी तरी येते का? हे बरोबर कशावरून?”

गेनबानं हात जोडले. “मला कुठलं येतंय, साहेब? ठोके तुमच्याच तोंडचे उचललेत. ह्यात चूक काढलीत, तर ती तुमचीच निघंल.”

वत्सलेचं नाव राहिलं. जीपकडं जाताना साहेबांची बोटं फायलीवर वाजत होती, आणि चौथा ठोका जोरात पडत होता.