हिमालयातलं राजखाद्य

"माझा तुफान वाळून काटकी झाला! त्याच्या ताटातलं मांस तूच खातोस!" उदाजीराजे गरजले. समोर श्वानशाळेचा राखणदार बिरू राजांच्या या लाडक्या कुत्र्याची दोरी धरून उभा होता.

"नाही महाराज! झुंबरशेटचं ते नवं खाद्य हुंगून कुत्री तोंड फिरवतात. त्यात मांसच नाही!"

"मांस नाही?" व्यापारी झुंबरशेट कळवळले. "हरणाचं मांस आहे, बदकांची काळीजं आहेत, वर केशर! सगळं हिमालयाच्या बर्फात गोठवून वाळवलेलं!"

राजवैद्यांनी लगेच मान डोलावली. त्यांनी खाद्याची परीक्षा केली होती, म्हणजे पोत्यावरचं हरणाचं चित्र पाहिलं होतं. चित्र फारच सुरेख होतं.

"मग इथंच पोतं उघडू," बिरू म्हणाला.

"भलतंच!" झुंबरशेट आडवे आले. "दरबाराच्या गरम हवेत पोत्याची लाखेची मोहोर फोडली, तर हिमालयाची थंडी उडून जाईल!"

राजे आधीच हट्टी, त्यात तुफानवर जीव. "मोहोर फोडायची नाही, चाखायचंही नाही! आत काय आहे ते आत्ता सिद्ध कर, नाहीतर बायकापोरांसह राज्याबाहेर चालता हो!"

बिरूचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्याची लेक येसू पुढे झाली.

"महाराज, मी सिद्ध करते. शेटजींशी जरा बोलू का?"

"बोल!"

"शेटजी, हरीण हिमालयातलं का हो?"

"छे गं! हरीण इथल्याच रानातलं, कोवळं. तिकडे नुसतं वाळवायला नेतो."

"महाराज, आपल्या रानात हरीण मारलं तर शिक्षा काय?"

"हात तोडायचा!"

झुंबरशेटनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. "अहो, हरीण फक्त चित्रात आहे! आत बदकं आहेत, बदकं!"

"अगंबाई! राणीसाहेबांच्या तळ्यातली बदकं कमी होताहेत, ती हीच का?"

पडद्याआडून राणीसाहेब खाकरल्या.

"बदक नाही!" शेटजी ओरडले. "बदकाचं पीसही नाही! केशर मात्र अस्सल आहे!"

"हो? मग दिवाळीत राजवाड्याच्या खिरीला केशर का नाही दिलंत? औषधालाही उरलं नाही म्हणालात ना?"

राजांच्या भुवया वर गेल्या. बिनकेशराची ती खीर ते अजून विसरले नव्हते.

"हळद आहे ती महाराज, हळद!"

"मग आत उरलं काय?" येसूनं विचारलं.

"कोंडा!" झुंबरशेट रडकुंडीला आले. "कोंडा, आणि वासापुरता जुन्या जोड्यांच्या चामड्याचा चुरा!"

राजवैद्य चित्रातल्या हरणाकडे रागानं पाहू लागले. जणू त्यानंच त्यांना फसवलं होतं!

राजे थक्क झाले. "पोरी, मोहोर तशीच आहे. कुणी कणही चाखला नाही. मग आतलं बाहेर काढलंस कसं?"

"पोतं बंद होतं, महाराज. शेटजींचं तोंड तर उघडं होतं!"

राजे इतके हसले, की पगडी कानावर आली! त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा येसूच्या गळ्यात घातला, बिरूला जवळ घेतलं आणि खाद्याची परीक्षा राजवैद्यांकडून काढून येसूकडे दिली. तुफान धष्टपुष्ट होईपर्यंत त्याचं मांस शेटजींनी पुरवायचं आणि स्वतः मात्र या पोत्यातलं जेवायचं, असाही हुकूम सुटला.

"आता फोडा मोहोर! शेटजींच्या जेवणाची वेळ झाली!" राजे म्हणाले.

पण तुफान आधी पुढे आला. त्यानं पोतं हुंगलं, मागचा पाय वर केला आणि चित्रातल्या हरणावर आपला अभिप्राय नोंदवला.