वाऱ्याकडे पाठ

खूप खूप वर्षे झाली या गोष्टीला. तेव्हा राजा कोण होता हे सांगणारे आता कोणी उरले नाही. पण त्याच्या राज्यात देवळांच्या कळसांना सोन्याचा मुलामा देणाऱ्यांची एक वाडी होती, एवढे मात्र लोक अजून सांगतात. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्ही तर जरा कान देऊनच ऐका.

त्या वाडीचा मुख्य कारागीर होता रखमाजी. सोने पाऱ्यात घोळवून त्याचा लोण्यासारखा मऊ लगदा करायचा, तो तांब्याच्या पत्र्यावर चोळायचा आणि पत्रा भट्टीवर धरायचा, असे ते काम. आच लागली की पारा उडून जाई आणि सोने तांब्याला घट्ट धरून बसे. बघणाऱ्याला ती जादूच वाटे. पण उडालेला पारा जातो कुठे, हे कोणी विचारत नसे. तो जाई कारागिरांच्या छातीत. त्याला रंग नव्हता, वास नव्हता, आणि तो जहर होता.

रखमाजीला हे ठाऊक होते. तरुणपणी त्याने वाडीतल्या एकेका चांगल्या कारागिराचे हात थरथरताना पाहिले होते, दात हलताना पाहिले होते. वाडीत वारा नेहमी डोंगराकडून येई. डोंगराकडे पाठ करून उभे राहिले तर ते जहर समोरच्या समोर निघून जाते, हे त्याने नीट पारखून घेतले आणि सगळ्यांना सांगितलेही. लोकांनी भट्टीवर वाकून हुंगून पाहिले आणि ते हसले.

"कुठं आहे तुझं विष? दाखव की जरा," एक जण म्हणाला. मग सगळे पुन्हा सावली बघून उभे राहिले.

तेव्हा रखमाजीने एक शक्कल लढवली. भट्टीच्या पलीकडे, अंगणाच्या टोकाला त्याने एक दगड उभा केला, त्याला शेंदूर फासला आणि सांगितले, "ही भट्टीची आई. भट्टी पेटली की ही इथं येऊन बसते. आपण डोंगराकडे पाठ करायची आणि आईकडे तोंड. तिच्या बाजूला कुणी गेलं, तर ती त्याला सोडायची नाही."

न दिसणाऱ्या विषाला न घाबरलेले लोक न दिसणाऱ्या आईला मात्र लगेच घाबरले. माणसाची जातच अशी, त्याला काय करणार! कोणी सावली शोधेना, कोणी पलीकडे जाईना. हळूहळू कारागिरांचे हात थरथरायचे थांबले आणि रखमाजीचे नाव झाले.

पुढे पुढे त्यालाही हे सोयीचे वाटू लागले. नवा माणूस आला की त्याला आईच्या पाया पडायला लावायचे, समजावत बसायला नको. शिवाय इथे विष आहे म्हटल्यावर कामाला येणार कोण, ही धास्ती त्याच्या मनात होतीच. खरे कारण त्याने मनाच्या तळाशी ठेवून दिले आणि वर झाकण घातले.

रखमाजीला एकच मुलगी होती, ठकू. तिची आई ती रांगत असतानाच गेली. वाडीत ठकूइतका हलका हात कोणाचा नव्हता. लहानपणी एकदा तिने विचारले होते, "बाबा, आईकडं तोंडच का करायचं?" रखमाजीने तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तो कामाला लागला. ठकूने पुन्हा विचारले नाही. घरात आई नसलेल्या पोरीला अंगणातली आई फार लवकर आपली वाटली. रोज सकाळी ती दगडाला पाणी घाली, फूल वाही, आणि मगच भट्टी पेटवी.

एके वर्षी राजाने घाटापलीकडे, नदीच्या काठी मोठे देऊळ बांधले. त्याचा कळस इतका थोरला होता की तो वाडीपर्यंत आणणे शक्य नव्हते. मुलामा तिथेच द्यायचा होता. रखमाजीचे गुडघे धरले होते, त्याला भट्टीपाशी दिवसदिवस उभे राहवत नव्हते. तेव्हा ठकूच कारागिरांना घेऊन निघाली.

गाडीत भट्टीचे सामान चढत होते. ठकूने शेंदराचा दगड लुगड्याच्या घडीत गुंडाळून घेतला आणि ती बापाजवळ आली.

"बाबा, तिकडची जागा वेगळी. आईला कुठं बसवायचं?"

खरे कारण रखमाजीच्या अगदी ओठांवर आले होते. पण आजूबाजूला सगळी माणसे उभी होती. आता बोललो तर ही माणसे गाडीतून उतरतील, असे त्याला वाटले. परत आली की एकटीला बसवून सांगू, असे त्याने ठरवले.

"तिथंही डोंगर आहेच की," तो म्हणाला. "डोंगराकडे पाठ करा, म्हणजे झालं."

तिथे डोंगर होता, पण वारा डोंगराकडून येत नव्हता. तो नदीवरून येई आणि सरळ वर डोंगराला जाऊन धडके. ठकूने नदीच्या बाजूला आई बसवली, मध्ये भट्टी लावली आणि डोंगराकडे पाठ करून सगळ्यांना उभे केले. भट्टी पेटली. पारा उडाला आणि नेमका त्यांच्या तोंडावर आला.

नदीवरच्या नावाड्याला पाऱ्यातले काही कळत नव्हते, पण वारा कळत होता. तो काठावरून म्हणाला, "पोरी, सगळी धग तुमच्या अंगावर येतीया. अलीकडं या की नदीच्या अंगाला."

"तिकडं आई बसलीय, काका," ठकू म्हणाली. "तिच्या बाजूला जायचं नसतं."

थोड्याच दिवसांत कोणाच्या तोंडाला तांब्याची चव येऊ लागली, कोणाला खोकला लागला, कोणाची बोटे थरथरू लागली. सगळ्यांच्या मनात एकच आले, की आपले काहीतरी चुकले आणि आई कोपली. मग त्यांनी नियम आणखी कडक पाळले. आईपुढे तोंड झाकून उभे राहणे बरे नव्हे, म्हणून खोकल्यापायी नाकावर बांधलेली फडकीही सोडली. उपास धरले. आणि आईचा राग इतरांवर नको, तो आपल्या एकटीवर निघू दे, म्हणून ठकू भट्टीच्या सगळ्यांत जवळ जाऊन उभी राहू लागली.

बिचारी. जितकी ती आज्ञेत वागत होती, तितकी ती मरणाच्या जवळ जात होती.

एक कारागीर कसाबसा वाडीत परतला. "आई कोपलीय, दादा," तो रखमाजीला म्हणाला. "ठकूताईला उठवत नाही."

रखमाजी गाडी जोडून निघाला. त्याला घाट कसा पार झाला हे कळले नाही. देवळाशी पोचला तेव्हा कळस झगझगत होता. एवढे देखणे काम वाडीने आजवर केले नव्हते. रखमाजीने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. तो भट्टीपाशी, ठकू उभी राहायची तिथे जाऊन उभा राहिला. समोरून नदीचा वारा त्याच्या तोंडावर आला. त्याला सगळे कळले आणि तो लंगडत मागच्या झोपडीकडे निघाला.

ठकू झोपडीत पडून होती. बापाने हात हातात घेतला, तर तो एकसारखा कापत होता.

"बाबा, मी सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं," ती म्हणाली. "मग आमचं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही, बाय."

"मग आई का कोपली?"

आता मात्र रखमाजी बोलला. आई कधी नव्हतीच, होता तो पाऱ्याचा विखार, आणि डोंगर नव्हे तर वारा बघायचा होता, हे त्याने तिला सांगितले. ठकू रागावली नाही. तिला राग आला असता तर रखमाजीला बरे वाटले असते.

"वाऱ्याकडे पाठ करायची," ती हळू आवाजात म्हणाली. "एवढंच होतं होय, बाबा? एवढं तर मला जमलं असतं."

त्याच रात्री ती गेली. कळस चढला, नगारे वाजले, राजाने मानाचे शेले पाठवले. ते घ्यायला ठकू नव्हती. तिच्याबरोबर गेलेल्यांपैकी जे परतले, त्यांना पुन्हा कधी पाण्याचा तांब्या न सांडता तोंडाला लावता आला नाही.

रखमाजीने वाडीतल्या सगळ्यांना अंगणात बोलावले आणि सगळे खरे सांगितले. काही जण त्याला बोलायचे ते बोलले. काही जणांनी त्याच दिवशी काम सोडले. रखमाजीने कोणाला अडवले नाही. मग त्याने आईच्या जागी एक उंच काठी रोवली आणि ठकूच्या लुगड्याची एक पट्टी फाडून काठीच्या टोकाला बांधली. नवा माणूस कामाला आला की तो आधी त्याला त्या कापऱ्या हातांच्या कारागिरांपाशी नेऊन बसवी, पारा काय करतो ते त्यांच्याच तोंडून ऐकवी, आणि मग विचारी, "आता सांग, राहतोस का?"

एकदा असाच एक नवा कारागीर काठीपाशी गेला, त्याने पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. रखमाजी लंगडत लंगडत त्याच्याजवळ गेला आणि त्याने त्याचे जोडलेले हात आपल्या हातांनी सोडवले.

"पाया पडू नकोस रे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "वर बघ. पट्टी कुठं उडतेय ते बघ, आणि मग उभा राहा."

तात्पर्य : ज्याला जोखमीचे काम सांगाल, त्याला नियमाबरोबर त्याचे खरे कारणही सांगा, कारण न कळलेला नियम वारा फिरला की पाळणाऱ्याचाच घात करतो.