फादरांचं लॅटिन आणि बस्त्यावचं लग्न

वसईकडच्या एका गावात बस्त्याव नावाचा भोळा माणूस राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता, तो इथे लिहीत नाही.

बस्त्यावने पस्तिशी ओलांडली तरी त्याचं लग्न जमेना. कतरीनाबाईने, म्हणजे त्याच्या आईने, आजूबाजूची सगळी घरं पालथी घातली. शेवटी एकच घर उरलं, इनासचं. इनासला चार मुली. थोरली रेजिना.

मायलेक मुलगी बघायला गेले. आतून एक बाई पाणी घेऊन आली. इनास म्हणाला, "आमची मुलगी..."

"पसंत!" बस्त्याव ओरडला.

ती इनासची बायको होती.

इनास हसला. चार मुलींच्या बापाला हसावंच लागतं. पण कतरीनाबाईने घरी न जाता पोराला थेट फादरांपुढे उभं केलं. फादर फार शिकलेले. कुठलीही गोष्ट ते आधी लॅटिनमध्ये सांगत. लॅटिन गावात कोणालाच कळत नसे, म्हणून सगळ्यांना ते लगेच पटायचं.

फादर लॅटिनमध्ये काहीतरी बोलले, मग मराठीत म्हणाले, "बस्त्याव, घाईने उत्तर देऊ नये. आधी झोप काढ, सकाळी सांग."

"कळलं, फादर."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचा पेद्रूकाका बोंबलत आला. "बस्त्याव! तुझी म्हैस माझ्या केळीत शिरलीये! बांधतोस की नाही?"

"सकाळी सांगतो, काका," बस्त्याव म्हणाला, आणि शहाण्यासारखा जाऊन झोपला.

सकाळी तो सांगायला गेला, "बांधतो." म्हैस आडवी पडली होती. केळी कुठे दिसत नव्हत्या.

पुन्हा फादर, पुन्हा लॅटिन. "अरे, नासधूस चाललेली दिसली की विचार कसला करतोस? धाव, ओरड, कान धरून बाहेर काढ!"

"आधीच सांगायचं ना, फादर."

रविवारी इनास साखरपुड्याची बोलणी करायला आला. कतरीनाबाईने कोंबडा कापला होता. इनासला रस्सा आवडला. त्याने तीनदा वाढून घेतला आणि चौथ्यांदा ताट पुढे केलं. बस्त्यावने पातेल्यात डोकावून पाहिलं. तळ दिसत होता.

बस्त्याव धावला. "हाड्! हाड्!" ओरडला आणि होणाऱ्या सासऱ्याला कान धरून अंगणात नेऊन सोडलं.

कतरीनाबाई मागोमाग धावत आली. "गांधीलमाशी होती हो तुमच्या कानावर! पोराने वाचवलं तुम्हाला!"

इनासने कान चाचपला. लाल झालाच होता. त्याला पटलं. माणूस समजूतदार, चार मुलींचा बाप.

या वेळी फादरांचं लॅटिन बरंच लांबलं. शेवटी म्हणाले, "बस्त्याव, एकच बाजू बघून निकाल द्यायचा नसतो. दुसरी बाजू ऐकून घ्यायची. आणि ती ऐकल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. शपथ घे."

बस्त्यावने शपथ घेतली. इतकी चांगली शिकवण फादरांनी आजवर कोणाला दिली नव्हती, आणि देऊन इतका पश्चात्तापही त्यांना कधी झाला नव्हता.

लग्नाचा दिवस उजाडला. चर्च गच्च भरलं. फादरांनी विचारलं, "या लग्नाला कोणाची हरकत आहे का?"

कोणी खोकलंसुद्धा नाही.

"बस्त्याव, रेजिनाचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?"

बस्त्याव फादरांच्या कानाशी वाकला. मग हळूच म्हणाला, "फादर, दुसरी बाजू कुठंय?"

"दुसरी बाजू नाहीये रे."

"मग निकाल कसा देऊ? शपथ घेतलीये."

"हो म्हण रे मेल्या!" पहिल्या बाकावरून कतरीनाबाई ओरडली.

"आई, तू पहिल्या बाजूची. तुझं झालंय ऐकून."

त्याने सगळ्यांकडे पाहिलं. कोणीच उठेना. मग बस्त्याव स्वतःच खाली उतरला, नवऱ्याच्या रिकाम्या जागेसमोर उभा राहिला आणि बोट रोखून बोलायला लागला.

"या माणसाला तीनदा रेशनला पाठवलं. तीनदा पिशवी विसरला. चौथ्यांदा पिशवी नेली आणि तीच आणली, रिकामी. याला सुईत दोरा ओवता येत नाही, कोणाला निरोप सांगता येत नाही. या मुलीला लेकरू झालं तर तिने दोन लेकरं सांभाळायची का? आणि आजचंच बघा! चर्चमध्ये माणसं ताटकळलीत, नवरी उभी आहे, आणि हा जागेवरसुद्धा नाही!"

मागच्या बाकांवरून कोणीतरी म्हणालं, "खरं आहे बाबा."

बस्त्याव परत वर चढला. नवऱ्याच्या जागी उभा राहिला. डोकं खाजवलं. दोन्ही बाजू नीट तोलल्या.

"पटलं," तो म्हणाला. "नाही, फादर. स्वीकार करत नाही."

फादरांनी घाईघाईने रेजिनाकडे वळून म्हटलं, "मुली, तू तरी काही बोल!"

रेजिनाने हातातली फुलं बाकावर ठेवली. "मीपण दोन्ही बाजू ऐकल्या, फादर," म्हणाली आणि बापाचा हात धरून निघाली.

चर्च रिकामं झालं. कतरीनाबाई बाकावर डोकं आपटत होती. बस्त्याव तिच्याशेजारी येऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर तेज आलं होतं.

"रडतेस काय, आई? समोर उभं राहायची कोणाची हिंमत झाली नाही. मीच जिंकलो!"